आडवं जाणं

हिंगणीच्या पुढे रस्ता बंद नव्हता आणि चालूही नव्हता. अर्ध्या अंगाचं डांबर उकरून काढलेलं होतं. उरलेल्या अर्ध्यावरून एका वेळी एकाच बाजूची वाहनं सोडत होते. डांबराच्या दोन रिकाम्या ड्रमांवर एक बांबू, बांबूला लाल फडकं आणि शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत विशीतला एक पोरगा. त्याने हात वर केला. मी गाडी थांबवली.

"किती वेळ लागेल, भाऊ?"

"तिकडून गाड्या आल्या का तुमाले सोडतो."

"आणि तिकडच्या कधी येतील?"

"आपण इकडून सोडल्या का."

काका खुदकन हसले. "बंद कर गाडी," म्हणाले. "याच्या हिशोबानं आपण इथंच म्हातारे होतो. मी तर झालोच."

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा होता. पावसाळ्याचे तीन महिने बंद असलेलं बोरचं जंगल एक तारखेला उघडलं होतं आणि दुपारच्या फेरीसाठी आम्ही नावं नोंदवली होती. वर्ध्याहून बोर चाळीसेक किलोमीटर. सेलूपर्यंत दोन्ही बाजूंना कपाशीची पहिली बोंडं फुटलेली, मधूनच सोयाबीनच्या मळणीची धूळ, तुरीला नुकती फुलं. मी मिनिटांचा हिशोब करून निघाले होते. पिशवीत पाण्याच्या बाटल्या, दुर्बीण आणि वर्ध्याचा माणूस कुठेही निघाला तरी बरोबर घेतो तो गोरसपाकचा पुडा. हिशोबात फक्त तो बांबू नव्हता.

बाहेरच्या पाहुण्याला बोरला घेऊन जाताना आम्हा वर्धेकरांना थोडा संकोच वाटतो. सह्याद्री पाहिलेला माणूस इथे आला की इकडेतिकडे बघून विचारतो, डोंगर कुठे आहेत? तो ज्यावर उभा असतो त्यालाच आम्ही डोंगर म्हणतो. सातपुड्याची ही सांडलवंड. सागाने, धावड्याने, तेंदूने झाकलेल्या टेकड्या, त्यांच्या कुशीत बोर नदीवरचं धरण, आणि एका टेकडीला वळसा घालून दुसरीच्या पायथ्याशी उतरणारा हा अरुंद रस्ता. राष्ट्रीय उद्यानही आमच्याकडे नाही. महाराष्ट्रातल्या सहांपैकी चार विदर्भात आहेत: ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल. वर्धा जिल्ह्याच्या वाट्याला त्यातलं एकही आलं नाही. आम्हाला मिळालं बोर. 1970 मध्ये अभयारण्य, 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्प. तेव्हा क्षेत्रफळ 138 चौरस किलोमीटर. घोषणा झाली तेव्हा देशातला सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्प हाच होता.

वाघांच्या हिशोबाने हे दोन खोल्यांचं बिऱ्हाड. एका नर वाघाला एकट्यालाच पन्नास-साठ चौरस किलोमीटर सहज लागतात. घर लहान असलं की पोरं मोठी झाल्यावर बाहेर पडतात, नवी जागा शोधतात. इथली पिल्लंही तेच करतात. ईशान्येला पेंच, वायव्येला मेळघाट, आग्नेयेला ताडोबा. नकाशावर बोटाने ओढली तर सगळी घरं जवळजवळच दिसतात. पायाने जायचं तर मध्ये संत्र्याच्या बागा येतात, कपाशीची शेतं येतात, गावं येतात आणि रस्ते येतात.

काका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वय अठ्ठ्याहत्तर. बांधकाम खात्यात मैलमजूर म्हणून लागले आणि मुकादम होऊन निवृत्त झाले. मैलमजुराला रस्त्याचा एक तुकडा नेमून दिलेला असे. त्या तुकड्यावरचे खड्डे, गटारं, मैलाचे दगड आणि झाडांच्या बुंध्यांना लावलेले चुन्या-गेरूचे पट्टे, सगळं त्याचं. रस्त्यावर मेलेलं कुत्रंसुद्धा त्याचं. मी जंगल पाहायला चला म्हटलं तेव्हा काकांनी मान हलवली होती. "जंगलाच्या काठानं जिंदगी गेली, पोरी. आता पैसे देऊन काय पाहायचं?" मग त्यांना कुठूनतरी कळलं की हिंगणी-बोरधरणच्या बाजूला रस्त्याचं काम निघालंय. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःहून फोन. "केव्हा निघायचं?" म्हणजे मी जंगल पाहायला निघाले होते आणि काका रस्ता पाहायला.

गाडी थांबताच ते काठी टेकत उतरले. उकरलेल्या भागाच्या कडेला उकिडवे बसले, गिट्टीचे दोन तुकडे उचलून एकमेकांवर घासले, एक तुकडा कानाजवळ नेला. सोनार नाणं वाजवून पाहतो तसं.

"बरी आहे," त्यांनी निकाल दिला.

ज्यांनी आयुष्यात खड्डे फक्त चुकवले, त्यांना खड्डा भरणं हे शास्त्र आहे हे ठाऊक नसतं. मलाही नव्हतं. काकांनी त्या तासाभरात शिकवलं. खड्डा जसा पडतो तसा भरायचा नसतो. आधी त्याच्या चारी बाजू चौकोनी कापून घ्यायच्या, कडा उभ्या करायच्या. आतली धूळ झाडून काढायची, पातळ डांबराचा हात फिरवायचा, मग गरम मिश्रण टाकायचं आणि वरून दाबायचं. "गोल खड्ड्यात नुसतं डांबर ओतलं ना, का ते थाळीतल्या पिठल्यासारखं वाळून कडेनं सुटते." एवढं सांगून ते थांबले. मग त्यांच्या खात्यातलं उपनिषद सांगितलं. "रस्त्याचा दुश्मन गाडी नाही. पाणी. पाणी मुरलं का रस्ता मेला."

आमच्या भागात तर दुप्पट. खालची काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडून आकसते. तिच्या पाठीवरचं डांबर बिचारं दरवर्षी ताणलं जातं, चुरगळतं. टेकडीवर मुरूम लागतो, तिथे रस्त्याची तब्येत जरा सुधारते, पण उतारावरचं पाणी कडेची पट्टी खाऊन टाकतं. म्हणून शहाणा मुकादम आधी डांबराकडे बघत नाही. आधी गटार बघतो, मग रपटा बघतो, मग वाकून मोरीत डोकावतो.

काका तसेच वाकले. रस्त्याखालून जाणाऱ्या सिमेंटच्या नळीत काठी घालून आतला पाचोळा ढवळला. "बुजली," नाराज होऊन म्हणाले. मग तिथेच दगडावर बसून, मोरीकडे बघत, त्यांनी एक गोष्ट सांगितली. तरुणपणी ते सत्याग्रही घाटातल्या कामावर होते. गँगची पालं रस्त्याच्या कडेलाच. रात्री उठलं आणि बॅटरी मारली की मोरीत डोळे चमकायचे. कधी कोल्हं, कधी साळिंदर. एकदा अस्वल शिरलेलं, त्या रात्री कोणी झोपलं नाही. "मोरी पाण्यासाठी बांधतात. पण पाणी तिच्यातून जाते किती? चार महिने. बाकी आठ महिने मोरी काय रिकामी असते का?"

रस्ता वरून माणसांचा असतो आणि खालून कोणाकोणाचा, हे त्या माणसाला पन्नास वर्षांपूर्वीच माहीत होतं.

सत्याग्रही घाट हे नाव मला लहानपणापासून आवडतं. नागपूर-अमरावती महामार्गावर कारंजा (घाडगे) आणि तळेगाव (श्यामजी पंत) यांच्या मधला हा घाट. घाटांना सहसा देवाचं नाव असतं, नाहीतर पायथ्याच्या गावाचं. याला अडून बसणाऱ्या माणसांचं नाव आहे. 1930 साली देशभर मिठाचा कायदा मोडला जात होता. मध्य प्रांत-वऱ्हाडाला समुद्र नाही, मीठ करणार कुठे? मग इथल्या लोकांनी राखीव जंगलात शिरून गवत कापलं आणि जंगलाचा कायदा मोडला. पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी सुरुवात केली आणि हे लोण ठिकठिकाणी पसरलं. तळेगावच्या रानातही विळे चालले. त्या जंगल सत्याग्रहाची आठवण म्हणून घाटाचं नाव सत्याग्रही. आज त्या वळणांवरून जाणाऱ्या ट्रकवाल्याला हे ठाऊक असेलच असं नाही, पण दर खेपेला तो एका सत्याग्रहावरून चाक नेत असतो. आणि सत्याग्रह म्हणजे तरी काय? कोणाच्या तरी सरळ चाललेल्या वाटेत, हात न उगारता, आडवं होणं.

आडवं होणं, आडवं जाणं. मराठीत या क्रियेची धास्ती फार. मांजर आडवं गेलं की आपण थबकतो. कोणी तीन पावलं मागे जातो, कोणी देवाचं नाव घेतो, कोणी दुसऱ्याला पुढे जाऊ देतो म्हणजे अपशकुन त्याच्या माथी. मुंगूस आडवं गेलं तर मात्र दिवस चांगला. आपल्या वाटेला कोणी छेद दिला ही गोष्ट आपल्याला इतकी मोठी वाटते की तिचं शुभ-अशुभाचं कोष्टक आपण करून ठेवलं आहे. पण मांजराला कोणी विचारलं का, आडवं कोण गेलं? मांजर आपलं सरळच चाललं होतं. भिंतीपासून गोठ्यापर्यंतची त्याची रोजची वाट. आडवे आपण गेलो.

या नजरेने पाहिलं की आमच्या जिल्ह्याचा नकाशा वेगळा दिसू लागतो. नागपूरहून मुंबईकडे, अमरावतीकडे, हैदराबादकडे धावणाऱ्या सगळ्या ठसठशीत रेघा आडव्या. सरळ वाट दुसरीच, कोणी न आखलेली.

2017 साली त्या वाटेवरून एक वाघीण चालली. ब्रह्मपुरीकडची. तिथे माणसांवर हल्ले झाले म्हणून तिला पकडलं, गळ्यात रेडिओ कॉलर घातली आणि जुलैच्या अखेरीस बोरच्या जंगलात सोडलं. तिने ते दोन खोल्यांचं बिऱ्हाड पाहिलं असेल, आधीच भरलेलं, आणि चालू लागली. अडीच महिन्यांत पाचशेवर किलोमीटर. नागपूर, वर्धा, अमरावती, तीन जिल्हे. शेतांच्या धुऱ्यांवरून, नाल्यांतून, गावांच्या पाठीमागून. तिच्या नावावर माणसांचे बळी होते. तिला ठार मारण्याचा आदेश निघाला होता. त्या दिवसांत आमच्याकडे संध्याकाळी पाचनंतर शेतात कोणी थांबत नसे आणि शाळेची पोरं घोळक्याने जात. ती भीती शहरात बसून हसण्यासारखी नव्हती. शेवटी 14 ऑक्टोबरला, कारंजा तालुक्यातल्या सिंदीविहिरी शिवारात, शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेला ती चिकटली. बंदूक घेऊन तिला शोधणारे तिच्यापर्यंत पोचण्याआधीच तिची वाट संपली.

ज्याने कुंपणात वीज सोडली त्याने वाघिणीसाठी सोडली नव्हती. ती असते रोह्यांसाठी, रानडुकरांसाठी. रात्रीतून अर्धा एकर तूर भुईसपाट झालेली ज्याने पाहिली आहे, महिनोन्महिने ज्याने मचाणावर जागल केली आहे, त्याच्या हातून हा गुन्हा का होतो हे कळतं. गुन्हा तो आहेच. आता बरेच जण सौर झटका मशीन लावतात. तिचा झटका बसतो पण जीव जात नाही.

त्याच वर्षी, डिसेंबर सरता सरता, बोरचा बाजीराव गेला. मोठा नर. बोरला येणारे लोक त्याला नावानिशी ओळखत. बाजारगावजवळ, नागपूर-अमरावती महामार्गावर, रात्री वाहनाची धडक बसली. तो रस्ता खराब नव्हता. चांगला होता. इतका चांगला की ब्रेकवर पाय ठेवायला कोणाला सवड मिळू नये.

तेव्हापासून गुळगुळीत रस्ता लागला की मला आनंद होतो आणि आनंदाच्या खाली काहीतरी बोचतं. पण म्हणून रस्ते खराबच राहू द्या असं म्हणण्याचा अधिकार मला नाही. बोरधरणच्या एखाद्या बाईला रात्री कळा सुरू झाल्या तर तिला सेलूला, वर्ध्याला याच रस्त्याने न्यायचं आहे. त्या प्रवासात प्रत्येक खड्डा तिच्या अंगावर उमटतो. माझ्या काकांनी चाळीस वर्षं घाम गाळला तो लोकांना हाडं खिळखिळी न होता घरी पोचता यावं म्हणून. रस्ता हवाच. प्रश्न एवढाच की दुरुस्ती करताना कोणकोणत्या वाटा दुरुस्त करायच्या.

आणि हे जमतं. नागपूरहून जबलपूरकडे जाताना मनसर ते खवासा या टप्प्यात पेंचच्या जंगलातून महामार्ग 44 जातो. तिथे रस्ताच नऊ ठिकाणी उचलून घेतला आहे. वरून ट्रक, खालून जंगल. सर्वांत लांब पूल 750 मीटरचा. भारतीय वन्यजीव संस्थेने 2019 मध्ये पुलांखाली कॅमेरे लावले, तेव्हा चितळं आली, रानडुकरं आली, रानकुत्री आली आणि वाघही आले. एकदा चुकून आलेले नव्हेत, तीच ती वाट पुन्हा पुन्हा वापरणारे. आमच्या सेलू तालुक्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावरही जनावरांसाठी वरून आणि खालून जाण्याच्या जागा केल्या आहेत. 701 किलोमीटरचा रस्ता, ताशी 120 ची मुभा. तिथे मांजर आडवं गेलेलं दिसेपर्यंत गाडी गाव ओलांडून गेलेली असते. तिथे चालकाच्या दयेवर भागत नाही, वाट वेगळीच लागते. काकांना मी फोनवर पेंचच्या त्या पुलाखालचे फोटो दाखवले. त्यांनी चष्मा वर करून, फोन लांब धरून, बराच वेळ पाहिलं.

"मोठी मोरी," म्हणाले.

गाडीचं इंजिन बंद होऊन अर्धा-पाऊण तास झाला असेल. रोलरही जेवायला थांबला होता. कामावरच्या बाया पळसाच्या सावलीत डबे सोडून बसल्या होत्या, एकीचं लेकरू गिट्टीच्या ढिगाऱ्याशेजारी झोळीत झोपलेलं. आमच्या मागे एक ट्रॅक्टर, दोन मोटारसायकली, एक भाजीचा टेम्पो. गवत डोक्याएवढं वाढून पिवळट पडू लागलेलं. कडेच्या दोन सागांमध्ये रानकोळ्याने हातभर रुंद जाळं विणलेलं, उन्हात ते तांब्याच्या तारेसारखं चमकत होतं. गाडी चालू असती तर यातलं काहीच दिसलं नसतं, असं मी स्वतःला बजावत होते आणि चोरून घड्याळही बघत होते.

तेवढ्यात तो आला. शॅमेलिऑन. हिरवा, वीतभर, शेपटीची गुंडाळी केलेला. गवतातून निघून उरलेल्या अर्ध्या रस्त्यावर चढला आणि त्याच्या त्या प्रसिद्ध चालीने निघाला. एक पाय उचलायचा, हवेत धरायचा, पुढे-मागे डुलायचं, जावं की न जावं असा पूर्ण विचार करायचा आणि मग टेकवायचा. पाठीवरच्या उन्हाने त्याची सावली त्याच्याहून मोठी झाली होती. आणि नेमक्या त्याच वेळी पलीकडच्या गाड्या येऊन गेल्या, फडकंवाल्या पोराने बांबू उचलला.

"थांब," काका म्हणाले.

"आता काय झालं, आबाजी?"

काकांनी काठीने दाखवलं.

पोराने बांबूकडे पाहिलं, सरड्याकडे पाहिलं, मागच्या रांगेकडे पाहिलं. मोटारसायकलवाल्याने हॉर्न दिला. ट्रॅक्टरवाला उतरून पुढे आला, वाकून बघितलं आणि दोन पावलं मागे सरला. "विषारी असते बापा हा! रंग बदलते." विषारी नसतो, मी म्हटलं. त्याने माझ्याकडे अविश्वासाने पाहिलं. डबा खाणाऱ्या बायांतली एक उठून आली, तिने कपाळाला हात लावला. "आमच्या घाईला बोलतात लोक. याले पाहा." सगळे हसले. मोटारसायकलवाल्याने हॉर्नवरचा अंगठा काढला.

पोराने बांबू खाली ठेवला. लाल फडकं पुन्हा बरोबर रस्त्याच्या मधोमध आलं. त्या एका सरड्यासाठी सरकारी कामावरची वाहतूक चार-पाच मिनिटं थांबली असेल. तेवढ्यात त्याने सहा फूट कापले. उकरलेल्या भागाशी येऊन त्याने एक डोळा डांबराच्या पिंपाकडे फिरवला, दुसरा आमच्याकडे ठेवला, आणि खडीवरून उतरून पलीकडच्या तरोट्यात दिसेनासा झाला. हिरव्यात हिरवा.

"सोड आता," काका म्हणाले.

बोरधरणच्या प्रवेशद्वाराशी पोचलो तेव्हा दुपारची फेरी केव्हाच सुरू झाली होती. आमच्या जिप्सीचा चालक आणि गाइड मात्र थांबले होते. "रस्त्याचं काम आहे ना, सगळेच उशिरा येऊन राहिले," म्हणाले. उरलेल्या वेळात आत शिरलो.

आतले रस्तेही नुकतेच दुरुस्त झालेले. डांबराचे नव्हेत, मुरमाचे. पावसाने वाहून गेलेला मुरूम वनखातं जंगल उघडण्याआधी पुन्हा टाकतं, नाल्यांवरचे उतार नीट करतं. लालसर, कोवळे, चाकांचे मोजकेच ठसे उमटलेले रस्ते. दोन्ही बाजूंना साग, मध्येच सालई, पाणथळीकडे बांबू. एक सांबर मादी कान टवकारून उभी होती, चितळांचा कळप ढाळावर विखुरलेला. एक सर्पगरुड वाळक्या फांदीवर. धरणाच्या पाण्यावर उतरतं ऊन. वाघ दिसला नाही. गाइडने दोन ठिकाणी गाडी बंद करून कानोसा घेतला, इशाऱ्याचा कॉल नव्हता.

मग एका वळणावर त्याने एकदम हात वर केला. अगदी फडकंवाल्या पोरासारखा. नव्या मुरमावर वाघाच्या पावलांची ओळ. स्वच्छ, चार बोटं आणि मागची गादी, जणू आत्ताच कोणी साच्यातून काढून ठेवली आहेत. रस्ता ओलांडून गेलेली नव्हेत. रस्त्याच्या मधोमध, रस्त्याच्याच दिशेने, दोनेकशे मीटर. "मादी आहे," गाइड कुजबुजला. "सकाळची. त्यांना हा रस्ता आवडतो. पायाला मऊ लागते, काटे नाही, दव नाही."

म्हणजे मी दुपारभर मनात जी आडव्या-सरळची फोड मांडली होती, ती त्या बाईसाहेबांनी दोनशे मीटरमध्ये पुसून टाकली. रस्ता नीट केला की त्यांनाही बरं वाटतं. त्यांचं रस्त्याशी भांडण नाही. रस्त्यावरून कोण, किती वेगाने येतं याच्याशी आहे.

मी फोटो काढत होते. काका मात्र जिप्सीतून कमरेत वाकून त्या ठशांकडे वेगळ्याच नजरेने बघत होते. बराच वेळ. गाइडला वाटलं म्हाताऱ्याला वाघाचं दर्शनच झालं म्हणून डोळे भरून आलेत. तो हळू आवाजात म्हणाला, "आबाजी, नशीबवान आहात. एवढा साफ पगमार्क रोज नाही दिसत."

"दिसन कसा नाही," काका म्हणाले. "दीड इंच रुतला. मुरमाची दबाई कच्ची आहे. पाणी मारून रोलर फिरवला नाही तुमी."

चालक हसून स्टिअरिंगवर आडवा झाला. गाइडने वही काढावी की नाही असा चेहरा केला. मी मात्र ते वाक्य तेव्हापासून जपून ठेवलं आहे. वाघाच्या पावलाकडे बघून शेकडो माणसांना भीती वाटली असेल, भक्ती वाटली असेल, कविता सुचली असेल. त्यात आपल्या कामातली उणीव वाचणारा मला एकच माणूस भेटला. आणि आज वाटतं, तेच खरं वाचन होतं. रस्त्यावर उमटलेलं, किंवा रस्त्यावर संपलेलं, प्रत्येक पाऊल हा त्या रस्त्याच्या कामावरचा शेरा असतो. सिंदीविहिरीचा होता, बाजारगावचा होता. फक्त तो वाचायला मुकादम लागतो.

परतताना अंधारलं होतं. बांबू आणि ड्रम कडेला लावलेले, खुर्ची उलटी, पोरगा घरी गेलेला. अर्ध्या रस्त्यावर नवं डांबर पडलं होतं, दिव्यांच्या उजेडात ओलं वाटावं असं काळं. काकांनी गाडी थांबवायला लावली. उतरून काठीने डांबर टोचून पाहिलं. मग कडेला गेले, वाकून मोरीच्या तोंडाशी साचलेला पाचोळा आणि दोन-चार दगड हाताने ओढून काढले. हात पँटला पुसत परत येऊन बसले आणि गोरसपाकचा पुडा मागितला. वर्ध्यापर्यंत दुसरं काही बोलले नाहीत.

ते काम आता पुरं झालं आहे. रस्ता छान झाला आहे. चौकोनी कापून भरलेले तुकडे अजून टिकून आहेत. जिथे तेव्हा तास गेला तिथे आता पाच मिनिटं लागतात. ही पाच मिनिटं कशाच्या जिवावर वाचवायची, ते आता कोणी फडकं धरून सांगत नाही. म्हणून मीच सांगते. बोरला जाल तेव्हा हिंगणीच्या पुढे काटा चाळीसच्या वर जाऊ देऊ नका, आणि दिवस मावळल्यावर तर त्याहूनही खाली ठेवा. मांजर आडवं गेलं तर आपण थांबतोच. तेवढंच बाकीच्यांसाठीही थांबा.